यांच्या हातानं चढवलेला पट्टा

आज यांना जाऊन वर्ष झालं, आणि आजच सकाळी मी यांनी चढवलेला मशीनचा पट्टा काढून टाकला.

वर्षभर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. दिरालाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ताडकळसच्या घरी, पुढच्या पत्र्याच्या खोलीत, लाकडावर नक्षी कोरायचं सीएनसी मशीन आहे. कंपनीचं नाही. यांनी घरी बनवलेलं, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून, भंगारातून लोखंड आणून.

देवघराची जाळी, दारावरची नक्षी, नावाच्या पाट्या. पूर्णेची गिऱ्हाइकं तर होतीच, पार देवगाव फाट्याहून लोक यायचे.

मशीनच्या दोन बाजूंना दोन लांब स्क्रू आहेत. ते फिरले की वरचा आडवा पूल पुढंमागं सरकतो आणि पुलावरचं कटर कोरत जातं.

आधी दोन्ही स्क्रूंना वेगवेगळी मोटर होती. आमच्याकडच्या लाइटीचं तुम्हाला माहीतच आहे. व्होल्टेज पडलं की एक मोटर अडायची, दुसरी आपली चालूच. पूल तिरका व्हायचा.

टेस्टला पहिला गोल कापला, तो अंड्यासारखा आला.

मी म्हणलं, लग्नानंतरची माझी पहिली पोळी याच्यापेक्षा गोल होती. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी.

मग यांनी एक मोटर काढूनच टाकली. दोन्ही स्क्रूंच्या टोकाला दातेरी पुल्या बसवल्या आणि दोन्हींना मिळून एकच दातेरी पट्टा. टायमिंग बेल्ट.

लय खुश होते त्या दिवशी. मला हाताला धरून आत नेलं.

"आता चालले तर दोघंबी चालतेत, अडले तर दोघंबी अडतेत. एकट्यानं म्होरं जायचं कामच न्हाई."

मशीनला बरं शिकवलं. स्वतः मात्र छातीत कळ आली तसे निघून गेले, परभणीच्या दवाखान्यात पोचायचीसुद्धा वाट बघितली नाही.

पट्टा चढवताना दात सरकू नयेत म्हणून हे पुल्यांवर चिमटे लावायचे. कपड्यांना लावायचे चिमटे. माझे.

इकडं साड्या वाऱ्यानं उडून बाभळीवर, आणि मी अंगणातून ओरडायलेय, "अहो, चिमटे कुठं न्यायलाव?"

आतून आवाज, एक मिंटात देतो. ते मिंट कधी संपलं नाही. चिमटे शेवटपर्यंत मशीनच्या कडेलाच लावलेले राहिले. मी बाजारातून दुसरे आणले.

आता मशीन मीच चालवते. ऑर्डरी मीच घेते. घरातलं बाकी सगळं हळूहळू बदलत गेलं. यांची गाडी विकली, कपडे वाटले, फोन पोरगी वापरायलीय. पण त्या पट्ट्याचा ताण यांच्या हातानं दिलेला होता. पट्टा काढला की यांचं सेटिंग गेलं, म्हणजे हे गेलेच, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

पण दात झिजत आले. कडेनं दोरे निघायला लागले. दीर म्हणले, वहिनी, चालू आहे तोवर देऊन टाका, गिऱ्हाईक आहे माझ्याकडं. चुकीचं नाही बोलले. एकतर पट्टा बदलायचा, नाहीतर मशीन विकायचं.

कुरियरनं आलेला नवा पट्टा कितीतरी दिवस कपाटावर पडून होता. आज सकाळी स्वयंपाकाच्या आधी उठून जुना काढला.

आणि काय केलं माहितीये?

आजचा दिवस असा, धूळ नको म्हणून स्क्रू फडक्यानं पुसत गेले. खंडेनवमीला हे पुसायचे तसे. पण तेव्हा पट्टा चढवलेला असायचा. आज सुटा स्क्रू पुसता पुसता गरगर फिरला आणि पूल एका बाजूनं सरकला.

गेलं. यांनी लावलेलं सगळं फडक्यानं पुसून टाकलं मी.

खाली बसून मोठ्यानं रडले. यांना नेलं त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

सासूबाई दारात आल्या. कुणाला बोलवायचं का म्हणल्या. मी नको म्हणलं. त्या पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

मग यांचा लाकडाचा ठोकळा आठवला. पुलाच्या मागं एका बाजूला तो टेकवायचा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडं सारखा बसला की पूल सरळ. हे करायचे तेव्हा बॅटरी धरून मीच उभी असायची ना. तेच केलं. चिमटे लावले, नवा पट्टा चढवला, ताण दिला, गोल कापला.

अंडं.

खरं सांगते, हसू आलं. वर्षानं हसले असेन.

परत पट्टा काढला, परत ठोकळा. दुसरा गोल आला तो पोरीनं डब्याचं झाकण ठेवून बघितला. "मम्मी, बरोबर बसलं," म्हणली.

जुना पट्टा फेकवेना. आत नेला आणि यांच्या फोटोला घातला, झेंडूच्या हारावरून.

सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. मला वाटलं आता बोलणार. वर्षश्राद्धाला फोटोवर काळं रबर. त्यांनी ताट ठेवलं, फोटोकडं बघितलं.

"एका अंगानं खाली आलाय," म्हणल्या. आणि दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या.

अहो, मशीन सरळ चाललंय. विकणार नाही.

चिमटे आज मी दोरीवर परत नेले.

लागले तर येऊन घेऊन जावा. ओरडणार नाही मी.