तापाचा पाचवा दिवस

उरणजवळच्या आमच्या गावात कुसुमबाईंना ‘कशा आहात’ विचारायची सोय नव्हती. कडेवर पोर दिसलं की त्यांचाच प्रश्न आधी यायचा, “ताप हाय का? कितवा दिस?” उपकेंद्रातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी सवय सुटली नाही. धडधाकट पोरालाही जीभ काढायला लावायच्या. पोरं त्यांना बघून पळायची आणि आम्ही बाया मागे हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

माझी ईश्वरी चार वर्षांची असताना तापली. अंगावर लाल पुरळ उठलं, डोळे लाल झाले. सासूबाई म्हणाल्या, गोवर आहे, घरात देवी आलीय. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली. देवी घरात असताना सुई टोचायची नाही, ही आमच्याकडची रीत. मीही ती पाळली. पाचव्या दिवशी कुसुमबाई डहाळा बाजूला सारून सरळ आत आल्या. ईश्वरीचे ओठ फुटले होते, जीभ लालबुंद आणि खरखरीत झाली होती.

“ह्यो गोवर न्हाय,” त्या म्हणाल्या. “रक्ताच्या नळ्या सुजल्यात. धा दिसांच्या आत औषद गेलं न्हाय, तर काळजाला लागतं.”

“देवी कोपंल!” सासूबाई ओरडल्या.

“कोपू दे माज्यावर.” पोरीला उचलून त्या रिक्षात बसल्यासुद्धा.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी कावासाकी असं आजाराचं नाव सांगितलं. दिवसभर सलाईनमधून औषध थेंबथेंब गेलं. ताप उतरला, हृदयाची तपासणीही चांगली आली.

घरी परतल्यावर मी पेढे घेऊन बाईंकडे गेले. ईश्वरीच्या बोटांच्या टोकांची साल निघत होती. या आजारात ती निघतेच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी ती बोटं हातात धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

“माज्या पोराची, नितीनची बोटं अशीच सोलली व्हती,” त्या म्हणाल्या. “नर्स असून डहाळा लावून बसले गो मी. ताप गेला, साल निघाली, मला वाटलं देवी गेली. ओटी भरली तिची. म्हयन्यानं अंगणात खेळता खेळता पडला, तो उठलाच न्हाय. ह्योच आजार व्हता, ह्ये डाक्टरकडनं मागनं कळलं.”

बाई गेल्या त्याला वर्ष झालं. आता कोणाचं पोर तापलं की मीच त्या घराच्या दारात जाऊन विचारते, कितवा दिवस? बाया मागे हसतात. नितीनच्या दारात असं कोणी गेलं नव्हतं.