मांजरासाठी आजारी पडलेला बैल

आमच्या सासरच्या गावात कुणी धडधाकट बैल घेऊन तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याकडे निघाला, की वाटेत भेटणारा हमखास विचारायचा, "बुट्टी कुठं हाय रं?" परगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. तर ती बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, माझी. बुट्टीतली मांजरीही माझीच. बैल तेवढा मामंजींचा.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीच्या गल्लीत वाढलेली, नळाखाली भांडी घासणारी मुलगी, आणि लग्न होऊन पडले वाळवा भागातल्या ऊसवाल्यांच्या घरी. नवरा पलटणीत. अंगावरची हळद उतरायच्या आत सुट्टी संपली म्हणून तो निघून गेला. पाठराखीण म्हणून आलेली मावशीही परत गेली. राहिली ती माहेराहून आणलेली मांजरी. सुनेनं रुखवतात मांजर आणलं म्हणून गाव कितीतरी दिवस हसत होतं. हसा म्हटलं, तुमच्या बापाचं काय खाते ती! मनात म्हटलं हां. तोंडानं बोलायची सोय कुठं होती?

सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत. पण मामंजींना बोलल्याशिवाय राहवायचं नाही. त्यांनी त्यावर तोड काढली होती. माझ्याशी जे बोलायचं ते बैलाशी बोलत. मी परसात भांडी घासत असले, की गोठ्यातून आवाज यायचा, "काय रं गड्या, आज च्यात साखर लय पडलीया. ऊस आपल्या रानात पिकतो म्हून काय पोतं रिकामं करायचं व्हय?" बैल बापडा कान हलवायचा. मी तांब्या जरा जोरात आपटायची. झालं संभाषण.

हा बैल म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. पांढरा स्वच्छ खिलार, गाडीला न जुंपता नुसता पोसलेला. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, मिरवणुकीत तो पुढं चालायचा आणि मामंजी त्याच्याहून ताठ चालायचे.

त्या वर्षी बेंदूर तोंडावर आला आणि माझ्या मांजरीनं अन्न सोडलं. दुधाला तोंड लावायची आणि मागं सरायची. तोंडातून लाळ गळत होती, पुढच्या पायानं सारखं तोंड पुसत होती. शेजारच्या म्हातारीनं सल्ला दिला, विळा तापवून डाग द्या, म्हणजे उतरेल. मी मांजरीला घेऊन खोलीत गेले आणि आतून कडी घातली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण राग जास्त. त्या रागात मी माझी लुगडी एका बोचक्यात बांधली. ठरवून टाकलं, ही मेली तर या घरात माझं माणूस असं कुणीच नाही. मग सांगलीची एसटी धरायची आणि पुन्हा इकडं फिरकायचं नाही.

सासूबाईंनी दाराबाहेरून सांगितलं, की सकाळी तालुक्याला चल, दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय आणि तो जनावराला मारत नाही, असं लोक म्हणतात. न्यायला मामंजी तयार आहेत. माझा विश्वास बसेना.

सकाळी बघते तर गाडीला नेहमीची जोडी जुंपलेली आणि गाडीच्या मागं खिलार बांधलेला. आता याचं काय काम? ते गावाबाहेर पडल्यावर कळलं. मामंजींसारखा पलटणीत हवालदारकी केलेला माणूस मांजराला औषध आणायला निघालाय, हे कुणाला कळता कामा नये. म्हणून बैल आजारी! मांजरीची बुट्टी माझ्या मांडीवर, वर फडकं बांधलेलं. माझं बोचकं मी आधीच गाडीतल्या वैरणीखाली सारलं होतं.

वाटेत भेटेल तो विचारी, "आवं, बैलाला काय झालं?" मामंजी पहिल्याला म्हणाले, खाईना. दुसऱ्याला म्हणाले, लाळ गळतीया. बैल चालता चालता माझ्या पाठीमागची वैरण ओढून खात होता आणि मी बोचकं उघडं पडू नये म्हणून त्याचं तोंड ढकलत होते. मामंजी मधूनच मान वळवून माझ्या डोक्यावरून त्याला दम द्यायचे, "जरा आजारी दिस की गड्या."

दवाखान्याच्या आवारात म्हशी, रेडकं, माणसं, सगळ्यांची गर्दी. आमच्याच गावातला एक जण म्हैस घेऊन उभा होता. आता तर मामंजींना माघार घेता येईना. डॉक्टर बाहेर आला. तरुण, शांत, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्यानं विचारलं काय होतंय, आणि मामंजींनी मांजरीचं सगळं दुखणं बैलाच्या नावावर खपवायला सुरुवात केली. खात नाही, लाळ गळते, आणि सारखा पायानं तोंड पुसतो.

"कोण, बैल?" डॉक्टर म्हणाला.

"व्हय."

"कुठल्या पायानं?"

मामंजींनी क्षणभर विचार केला. "उजव्या," ते म्हणाले.

म्हैसवाला तोंडावर टॉवेल धरून खोकायला लागला. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं बैलाला लाकडी खोड्यात घालायला लावलं, शेपूट उचलून ताप बघितला, जीभ बघितली. मग शिपायाला सांगितलं, बाटली आणि बांबूचं नळकांडं आण, याला चांगला जुलाब देऊ, दोन दिवसांत मोकळा होईल. बेंदूर तर परवावर आलेला! मामंजींच्या कपाळावर घाम आला. मिरवणुकीत पुढं चालणारा बैल कुठल्या अवस्थेत चालेल, हे त्यांना समोर दिसायला लागलं असणार.

इकडं बुट्टीतली हालचाल थांबली होती. मी फडक्यातून हात आत घातला. मांजरी गार लागली. त्या क्षणी मला त्या बैलाचा, त्या रीतीचा, त्या अख्ख्या गावाचा असा संताप आला म्हणून सांगू! ओरडायला तोंड उघडलं, पण परक्या पुरुषांत, सासऱ्यासमोर, आवाजच फुटेना. नुसती बघत राहिले मामंजींकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नळकांड्याकडे.

"ऱ्हाऊ द्या डॉक्टर," ते मोठ्यानं म्हणाले. "बैल ठणठणीत हाय. आमच्या सूनबाईचं मांजर आजारी हाय."

म्हैसवाल्याच्या तोंडावरचा टॉवेल खाली पडला.

डॉक्टरनं नळकांडं बाजूला ठेवलं. म्हणाला, बैल खोड्यात जाताना बाजूच्या म्हशीचं गवत खाऊन गेला, तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय, तेवढंच बघत होतो. मांजरी त्यानं पोत्यात गुंडाळली, मामंजींना धरायला लावली आणि चमच्याच्या दांड्यानं तोंड उघडलं. टाळूला आडवं एक बारीक हाड रुतून बसलं होतं. चिमट्यानं त्यानं ते अलगद काढलं. त्याबरोबर मांजरीनं मामंजींच्या अंगठ्याचा असा कडकडून चावा घेतला, की हवालदार साहेबांच्या तोंडून पलटणीतली हिंदी बाहेर पडली. डॉक्टर म्हणाला, आता काळजी नाही, चावते म्हणजे जगते. अंगठ्यालाही औषध त्यानंच लावलं.

परतीच्या वाटेवर मांजरी बुट्टीत बसून पंजा चाटत होती. तिठ्यावर सांगलीची एसटी उभी होती, कंडक्टर बाहेर विडी ओढत होता. मामंजींनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता खिलाराला काहीतरी सांगणार. पण ते खाली उतरले, मागं आले आणि बैलाकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "वैरणीतलं बोचकं मला सकाळधरनं दिसतंय. यष्टीत ठिवू का घराकडं हाकू?"

लग्न झाल्यापासून मला उद्देशून त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उत्तर द्यायचं होतं, पण द्यायचं कसं? मग मी पदर पुढं ओढला आणि खिलाराकडे तोंड केलं.

"यांना सांग," मी बैलाला म्हटलं, "संध्याकाळच्या भाकरी कोण थापणार? गाडी हाका म्हणावं."

मामंजी जाऊन जुवाजवळ बसले. एसटी निघून गेली. थोडं अंतर कापल्यावर त्यांनी मान वळवली आणि माझ्या डोक्यावरून खिलाराला विचारलं, "आन च्यातली साखर जरा कमी व्हईल का, इचार."

"पडते तेवढीच पडेल म्हणावं," मी बैलाला सांगितलं.