मोहोपाड्याच्या बाजारात आवडीचा आवाज

माथेरानच्या पायथ्याला, कर्जतच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. तिथली आवडी जूनमध्ये कर्जतच्या बाजारात शेवळं विकायला बसते. ही रानभाजी चवीची, पण नीट केली नाही तर घसा खाजवते. म्हणून गिऱ्हाइकाला ती कशी करायची ते सांगावं लागतं. आवडी सांगतेच, वर समोरचीला विचारते, तुमच्याकडं काय घालतात, तुम्ही कुठल्या, इतक्या लांब कशा दिल्या. वाडीत तिला पोलीस म्हणतात.

मागच्या मोसमात ती भाचीच्या बाळाला बघायला मोहोपाड्याला गेली. संध्याकाळी दोघी बाजारात निघाल्या आणि आवडीला मागून स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“पिवळा दांडा काढून टाका गं बाई, तोच खाजवतो. आन् काकडं, ती आंबट फळं, घातल्याबिगर चुलीवर ठेवू नका.”

आधी तिला वाटलं, कुणी नक्कल करतंय. वळून पाहिलं तर एक म्हातारी कातकरीण गोणपाटावर शेवळं मांडून गप्प बसलेली, आणि शेजारचा लहानसा लाल स्पीकर बोलत होता. आवडी तिच्यासमोर उकिडवी बसली.

“ह्यो आवाज कुनाचा गं?”

“मला काय ठावं? हाय कोन बाय. सांगती चांगलं. माजा घसा वाचतो.”

“ती बाय मीच.”

म्हातारीनं तिला खालीवर न्याहाळलं. काकडं म्हणून बघ, म्हणाली. आवडीनं म्हटलं तशी तिला हसू फुटलं आणि तिनं सरकून गोणपाटावर जागा केली. तिचं नाव जना.

आपला आवाज इथवर आला कसा, हे आवडीला कळेना. तिच्या वाडीत तर मोबाइलला रेंजच नाही. जनानं आपला बटणांचा फोन दाखवला. याला इंटरनेट लागत नाही म्हणाली, ब्लूटूथ चालू करायचं आणि दोन फोन जवळ आणायचे, की यातलं त्यात जातं. तिला तो आवाज योगेंद्रनं दिला होता. हा टेंपोवाला तिथंच भाजी उतरवत होता. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, नेरळहून येताना गाडीत नवनाथ नावाचा आचारी बसला होता, त्याच्या फोनातून घेतला. नवनाथ माथेरानच्या एका हॉटेलात असतो. त्याच हॉटेलात आवडीचा नवरा, धाऊ, पाहुण्यांचं सामान वाहतो.

येताना सगळी वाट आवडी एकाच गोष्टीचा विचार करत राहिली. हा आवाज टॉवरवरून उडत आलेला नव्हता. तो शेजारी बसल्याशिवाय पुढं जातच नव्हता.

घरी तिनं धाऊला धरलं. धाऊ मुळात कमी बोलणारा. बायकोच्या बडबडीकडं त्याचं लक्ष नसतं, असं ती धरूनच चालली होती.

“नवनाथनं इचारलं, शेवळं कशी करायची,” तो म्हणाला. “मला सांगता येईना. मंग एक दिवस बाजारात तुज्या मागं बसून फोनात भरून घेतलं.”

“मला का नाय सांगितलंस?”

“तू किती इचारलं असतंस.”

कुठलं बटण दाबलंस, एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या रूपालीकडून स्पीकर आणला. घरचा फोन ओट्यावर ठेवला आणि धाऊला स्पीकर घेऊन उताराकडं चालायला लावलं. करवंदीच्या जाळीपलीकडून आवाज नीट येत होता. गोठ्याच्या भिंतीआड तो तुटायला लागला. मध्ये म्हैस येऊन उभी राहिली तेव्हा बंदच पडला, आणि ती हलल्यावर पुन्हा सुरू झाला. म्हशीत असं काय आहे, हे धाऊला सांगता आलं नाही. कर्जतच्या मोबाइल दुकानात गंधार बसतो. तो म्हणाला, जनावराच्या अंगात पाणी असतं आणि पाणी ब्लूटूथच्या लहरी पिऊन टाकतं. आवडीनं घरी येऊन फोनसमोर माठ ठेवून पाहिला, आधी रिकामा, मग भरलेला. भरल्या माठाआड आवाज अडखळला. तिनं रूपालीच्या आईलाही बोलावून ते ऐकवलं.

पुन्हापुन्हा ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपलं सांगणं अर्धंच भरलंय. शेवळं आधी तेलावर चांगली परतायची, हे त्यात नव्हतंच. म्हणून पुढच्या बाजाराला ती मुद्दाम मोहोपाड्याला गेली आणि जनाशेजारी बसून सगळं नव्यानं भरायला लागली. मध्येच जना बोलली, “आमी बोंडाऱ्याचा पाला पन घालतो.” आवडीनं फोन तिच्या तोंडाजवळ नेला आणि तो पाला कुठं मिळतो, कोवळा घ्यायचा का जून, ते सगळं विचारून घेतलं. मग दोघींनी आपापले फोन गोणपाटावर शेजारी ठेवले आणि ते नवं बोलणं इकडून तिकडं जाईपर्यंत पाहत बसल्या.

योगेंद्र म्हणतो, दोघींचा तो आवाज त्यानं खालापूरला एका चहाच्या टपरीवर ऐकला. त्यानं स्वतः तो कुणालाच दिलेला नाही. जनानंही नाही. म्हणजे टपरीवाल्याशेजारी तिसरंच कुणीतरी बसून गेलंय. टपरीवाल्याची सासुरवाडी कुठली, ते आवडी सध्या विचारत फिरते आहे.