वेशीतला दगडी घाणा

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आमच्या शाळेतल्या गुरुजींचं. ताज्या जवस तेलाचा वास आला की मेहकरकडच्या आमच्या गावातला तो पोळा आठवतो. मी नुकता बी.ए. झालो होतो, म्हणून गुरुजींनी मला तोरणाखाली गावाचा इतिहास सांगायला उभं केलं. वेशीतला जुना दगडी घाणा दाखवून मी म्हणालो, “हे गाव आधी आम्हा तेल्यांनी वसवलं, पाटील मागून आले.” “काऊन बे, चार बुकं शिकला अन् आमालेच उपरं म्हणून राह्यला?” पाटील ओरडले. त्यांची माणसं बैल हाकायच्या अणकुचीदार तुताऱ्या घेऊन अंगावर आली. “त्याले मीच शिकवलं, पहिले मले हाणा,” म्हणत गुरुजी आडवे आले. महिनाभरात पाटलांनी त्यांची बदली करवली. पुढे मीही मास्तर झालो, आणि पहिल्याच दिवशी त्यांना पत्र टाकलं: ‘गुरुजी, आज वर्गात आपल्या गावाचा इतिहास सांगितला. शेवटपर्यंत सांगू दिला.’