होल्गरची पहिली गोळी

होल्गरला धाकट्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नसे, आणि वेर्नरचं तर सदा चांगलंच होत असे. बाप गेला तेव्हा फ्योर्डच्या खाडीकाठचं शेत वेर्नरला मिळालं आणि बापाची जुनी रायफल होल्गरला. "एकाला जमीन दिली, दुसऱ्याला नुसता आवाज," असं होल्गर चारचौघांत हसून सांगे, आणि घरी आला की त्याच्या पोटात दुखायला लागे. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. स्वतःचा म्हणून मिरवायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती. जनावर जखमी करून सोडलं असं त्याच्या हातून कधी झालं नाही, अशी त्याची ख्याती होती. वेर्नरच्या हातून हे दोनदा झालं होतं, आणि त्या दोन्ही तारखा होल्गरला तोंडपाठ होत्या.

सोळा मेला पहाटे नर हरणांची शिकार खुली झाली. मोहरीच्या पिवळ्या शेताच्या एका टोकाच्या मचाणावर होल्गर बसला, दुसऱ्या टोकाच्या मचाणावर वेर्नर. होल्गरसमोर दोन माद्या आणि एक ससा येऊन गेले. साडेपाचला पलीकडे गोळीचा आवाज झाला. दुसऱ्या आवाजासाठी होल्गरनं कान टवकारले. पण दुसरा आवाज काही झाला नाही. एकाच आवाजाचा अर्थ पोरासोरांनाही कळतो: जनावर जागीच पडलं. होल्गर चडफडत खाली उतरला.

वेर्नरच्या अंगणात देवदाराच्या फांद्यांवर हरीण निजवलेलं होतं, तोंडात रिवाजाप्रमाणे ठेवलेला पाल्याचा शेवटचा घास. ज्याची शिकार त्याचा मान म्हणून वेर्नरच्या टोपीत डहाळी खोवलेली होती. त्याची बायको ग्रेथे खसखशीचे पाव आणि कॉफी घेऊन आली. कडू दारूचे इवले पेलेही होते. आक्सेल आपल्या कुत्र्यासह न्याहारीला आला होता. जखमी जनावराचा माग काढायला त्या भागात सगळे त्यालाच बोलावत.

"काय उजवं शिंग आहे, वेर्नर!" आक्सेल म्हणाला.

"डावं खुजं आहे," होल्गर म्हणाला.

"होल्गर, लग्न कुणाचंही असो, तुला नवरी तिरळीच दिसायची," ग्रेथे हसली.

"पण खुजं आहे खरं," आक्सेल वाकून म्हणाला. "कधी तरी मार बसला असणार. अंगातलं दुखणं शिंगावर उमटतं."

न्याहारी आटोपल्यावर कातडं सोलायला हरीण कोठारात टांगलं. ते काम होल्गरचंच. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा चालत नसे. डाव्या खांद्यापाशी सुरी कशाला तरी लागून करकरली. पांढरट गाठीतून त्यानं एक लांबट, वाकलेली तांब्याची गोळी काढली. अशी गोळी त्या भागात एकाच रायफलीत बसे, बापाच्या.

गेल्या वर्षीच्या सोळा मेला होल्गरनं रानाच्या कडेला एका नरावर गोळी झाडली होती. 'साफ हुकली' असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. गवतावर रक्ताचे दोन थेंब होते, ते त्यानं बुटानं पुसले. वेर्नरच्या देखत आक्सेलचं कुत्रं बोलवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शहाण्यानं गोळी खिशात टाकून शीळ घातली असती. पण तेवढ्यात दारातून आक्सेल वेर्नरला म्हणाला, "काही म्हण, हा गडी तुझ्याच नशिबाचा होता!"

होल्गरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्याच्या नशिबाचा?" तो ओरडला. "ही बघा! बापाच्या रायफलीची गोळी आहे! पहिली गोळी माझी! ज्याची पहिली गोळी, त्याचं हरीण!"

गोळी उंच धरून तो जिंकल्यासारखा उभा राहिला. आक्सेलची नजर गोळीवरून त्याच्या तोंडावर आली, तेव्हा आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला हे त्याच्या ध्यानात आलं.

"साफ हुकली म्हणाला होतास," आक्सेल सावकाश म्हणाला. "माझं कुत्रं घरीच होतं, होल्गर. दहा मिनिटांवर."

होल्गरचा हात खाली आला. आता वेर्नर हसणार, याची तो वाट पाहू लागला. त्याच्या जागी होल्गर हसलाच असता.

"मला ठाऊक होतं," वेर्नर म्हणाला. "गेल्या जूनपासून. डावा पाय ओढत चालायचा बिचारा. वर्षभर त्याच्या मागावर होतो, आज सापडला."

"आणि मला यानं दम दिला होता," मागून आलेली ग्रेथे म्हणाली, "होल्गरपाशी अवाक्षर काढायचं नाही म्हणून."

वेर्नरनं टोपीतली डहाळी काढून भावासमोर धरली. "पहिली गोळी तुझी. शिंगं तू घेऊन जा."

शेत त्याचं, हरीण त्याचं, आणि आता चांगुलपणाही त्याचाच! होल्गर इतका आयुष्यात कधी जळला नव्हता. डहाळी न घेता तो पुन्हा हरणाकडे वळला. मान खाली घालून त्यानं उरलेलं कातडं सोललं, कुठंही चीर न पाडता. सुरी पुसून झाल्यावर, भावाकडे न बघताच तो म्हणाला,

"एकदा तरी वाईट वागला असतास, तर तुझं काय बिघडलं असतं रे?"