कारणाचा रकाना

"ताई, पॉइंट पाच मिलिग्रॅमची गोळी तुमचं सॉफ्टवेअर पाच मिलिग्रॅम म्हणून वाचून राह्यलंय. आईची गोळी मला पाठ हाय म्हणून बरं. न्हाईतर?"

परतूरहून वंदना बोलत होती. तिला जन्मापासून दिसत नाही. आमचं सॉफ्टवेअर मोबाइलवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणा एकाच्या मालकीचं नाही; आम्ही चार-पाच जण फुकटात सांभाळतो. पोटापाण्यासाठी मी जालना एमआयडीसीत एका बियाणं कंपनीचे कॉम्प्युटर बघते. रविवारी हे.

"अगं, हा बग तर तू मागच्या महिन्यातच लिहिला होतास."

"लिहिला होता. कुणीतरी 'दुरुस्त झाला' म्हणून बंद केलाय. मला उघडता येत न्हाई."

बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, आणि बग ट्रॅकर म्हणजे अशा चुकांची सामाईक वही. चूक कुणीही लिहावी. पण ती बंद करायची किंवा पुन्हा उघडायची परमिशन मोजक्यांनाच. कुणाला कोणती परमिशन आणि का, हे एका पानावर लिहिलेलं असतं. ते पान माझ्याकडे. बंद झालेली चूक दुरुस्त झाली असं धरूनच नवी आवृत्ती निघते. तशी ती निघाली होती. वंदनाचा फोन आला त्याच दिवशी आम्ही ती मागे घेतली.

कुणी बंद केला, हे बघायची मला गरज नव्हती. साळवे सरांनी.

सर अंबडला राहतात. कॉलेजातून रिटायर झालेले. हे सॉफ्टवेअर त्यांनीच सुरू केलं, आणि मला हे काम शिकवलंही त्यांनीच. गेले आठ महिने ते न सुधारलेल्या चुका बंद करत होते. विसरत होते, उघड होतं. मी बाकीच्यांजवळ विषय काढला तर म्हणाले, "सरांची परमिशन काढायची? तोंड दाखवायला जागा राहील का? तू गुपचूप मागून उघडत जा." मी उघडत गेले. उघडताना ट्रॅकर कारण विचारतो. तो रकाना मी दर वेळी रिकामा सोडला. काय लिहिणार? वंदनाचा बग माझ्या नजरेतून सुटला. चूक माझी. शहाणपणा करायला गेले आणि एका म्हातारीच्या जिवाशी खेळ झाला असता.

पुढच्या रविवारी एसटीनं अंबड गाठलं. काकूंनी चहा ठेवला. बसमध्ये मी वाक्यं जुळवून ठेवली होती. सरांसमोर बसल्यावर एक आठवेल तर शपथ. मी नुसती वंदनाची गोष्ट सांगितली.

सर उठले. कपाटातून एक फाइल आणून माझ्यापुढं ठेवली. ट्रॅकरवर आपण केलेलं कुणी बदललं की आपल्याला मेल येतो. ते सगळे मेल त्यांनी छापून लावले होते.

"वाच. बंद केलं, मी. उघडलं, तू. कारण?"

"रिकामं आहे, सर."

"आठ महिने रिकामं. मला वाटलं, पोरीचा माझ्यावर राग हाय. मंग वाटलं, मीच बराबर असंल, ह्यांनाच कळत न्हाई. मंग आणखी जोरात बंद करत गेलो." त्यांनी फाइल मिटली. "डॉक्टरकडं मागच्याच महिन्यात गेल्तो. तू एकदा लिहिलं असतंस, तर आधीच गेलो असतो."

मला रडू आलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "सर, तुमचा मान ठेवायला गेलो आम्ही."

"मान? माझ्या माघारी माझं काम पुसत होता तुम्ही. तोंडावर सांगायला काय झाल्तं?"



मग त्यांनीच लॅपटॉप पुढं सरकवला. "माझी परमिशन काढ." स्वतःची परमिशन स्वतःला काढता येत नाही. हा नियम सरांनीच घातलेला. मला काढावी लागली. "बग लिहायची तेवढी ठेव," ते म्हणाले. ती तर सगळ्यांनाच असते. खाली कारणाचा रकाना आला आणि माझा हात थांबला.

"लिही. विस्मरण. स्वतःच्या विनंतीवरून. आता रिकामं सोडायचं न्हाई."

मी लिहिलं. घरी येऊन परमिशनच्या पानावर एक ओळ वाढवली: दुसऱ्याचं काम बदलणाऱ्यानं कारण लिहिलंच पाहिजे, समोर कोणीही असो. आता तो रकाना भरल्याशिवाय ट्रॅकर पुढं जाऊ देत नाही.

सर अजून बग लिहितात. कधी एकच बग आठवड्यात दोनदा. दुसरा मी बंद करते आणि लिहिते, "सर, हा तुम्ही मंगळवारी लिहिला आहे."

खाली त्यांचं उत्तर येतं, "बराबर."