अंजिरावरचा शिंपी

मोतीबिंदूनं सासऱ्यांची नजर गेली, तेव्हापासून त्यांना जग सांगायचं काम माझ्याकडं आलं. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. ईट गावच्या मळ्यात ओसरीवर बसून ते विचारायचे आणि मी सांगायची: वाटेनं महसुलाच्या गिरदावराचा घोडा चाललाय की कुणाची बैलगाडी, ज्वारी कुठवर आली. घरात मला मान होता तो तेवढाच.

मग धाकटी जाऊ आली. चौथ्याच दिवशी परसात एक पाखरू ओरडायला लागलं. टुविट, टुविट, टुविट, थांबायचं नाव नाही.

"कोन बोलतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तांबट असंल, मामंजी," मी म्हणाले.

"न्हाय, शिंपी हाय त्यो," धाकटी आतून म्हणाली. "अंगठ्याएवढा जीव. पाठ हिरवी, डोस्क्यावर तांबूस, शेपूट उभं. आवाजच लई मोठा."

"व्हय, व्हय! शिंपीच!" सासरे खळखळून हसले. आठ वर्षांत माझ्याशी ते कधी असे हसले नव्हते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्यानंतर रोज सकाळी हाक तिलाच. ती ओसरीवर शिंपी आता कुठल्या फांदीवर बसलाय ते सांगत बसायची आणि मी चुलीपुढं भाकरी थापायची. माझ्याइतक्या जोरात त्या दिवसांत कुणी भाकरी थापली नसेल.

एका दुपारी परसातल्या अंजिरावर मला त्याचं घरटं दिसलं. दोन पानं कापसाच्या धाग्यानं टाचलेली, आत तीन अंडी. मामंजींना सांगावं म्हणून मी वळलेसुद्धा. पण मी सांगितलं तरी ते पुढचं तिलाच विचारणार, हे मनात आलं. मी पानं ओरबाडली आणि कुंपणापलीकडं फेकून दिली. मागं वळले तर धाकटी दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी परस गप्प होतं. "शिंपी कुठं गेला गं?" सासऱ्यांनी विचारलं. चुलीपुढं मी कान टवकारले.

"पिल्लं उडाली, मामंजी," धाकटी म्हणाली. "आता त्येचं काय काम हितं?"

सासऱ्यांचा चेहरा फुलला. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही, पुढं कधी तो विषयही काढला नाही. तेव्हा तरी मला तिची माया यायला हवी होती. आला तो हेवाच. पाप माझं होतं, आणि त्यावरचं इतकं चांगलं खोटंही तिलाच सुचलं होतं.